एकाच कांजीचे इतके उच्चार? सूर्याच्या कांजीबद्दल सविस्तर

प्रश्न असा आहे: जपानी भाषेच्या एन-५ या पहिल्या पायरीच्या परीक्षेची तयारी करणारे एक विद्यार्थी सूर्याच्या, म्हणजेच दिवसाच्या कांजीपाशी (日) अडले आहेत. कांजी म्हणजे जपानीत वापरले जाणारे मूळचे चिनी अक्षर. काढायला जेमतेम चार रेघा, पण पुस्तकात तिच्यापुढे निचि, जित्सु, हि, बि, का असे उच्चार ओळीने दिलेले. 'रविवार' या शब्दात ती दोनदा येते आणि दोन्ही वेळा वेगळी वाचली जाते. 'आज' या शब्दात तर यांपैकी एकही उच्चार ऐकू येत नाही. मग आधी सगळे उच्चार पाठ करावेत का, आणि कुठे कोणता वापरायचा हे ओळखायचे कसे?

मी पुण्यात बरीच वर्षे जपानी शिकवते आणि कारखान्यांतल्या बैठकांत दुभाषाचे काम करते. माझे उत्तर स्पष्ट आहे: उच्चारांची यादी पाठ करू नका, शब्द पाठ करा. कांजीला स्वतःचा असा उच्चार नसतो, उच्चार शब्दाला असतो. जपानी मूल शाळेत ही कांजी शिकते तेव्हा 'आज', 'उद्या', 'वाढदिवस', 'रविवार' हे शब्द त्याच्या तोंडात आधीपासून बसलेले असतात. त्याला फक्त ते कसे लिहितात एवढेच शिकायचे असते. आपण उलट्या दिशेने येतो, चिन्ह आधी पाहतो आणि त्याचा उच्चार विचारतो. दिशा बदलली की निम्मा गोंधळ तिथेच संपतो. उरलेला निम्मा कसा सोडवायचा ते खाली सांगते.

उच्चार लिहिताना मी ऱ्हस्व-दीर्घ जपानीप्रमाणेच ठेवले आहेत. शेवटची 'इ' ऱ्हस्व दिसली तर ती ऱ्हस्वच म्हणा, मराठी सवयीने लांबवू नका. लांब 'ओ' दाखवायला पुढे अवग्रह (ऽ) दिला आहे. 'त्सु'साठी वेगळा सराव लागणार नाही. 'चूल', 'चूक' यांतला च आपल्या तोंडात आहेच, तोच ऱ्हस्व उकाराबरोबर म्हणायचा. 'जित्सु'मधला ज मात्र 'जीव'मधला.

आता अक्षर. उभट चौकोन आणि मधोमध एक आडवी रेघ. सर्वांत जुन्या चिनी लेखनात, हाडांवर कोरलेल्या अक्षरांत, हे गोलसर सूर्यबिंब होते आणि त्याच्या मध्ये एक खूण होती. कोरताना आणि पुढे कुंचल्याने लिहिताना गोलाचा चौकोन झाला. रेघांचा क्रम असा: पहिली डावी उभी, वरून खाली. दुसरी वरची आडवी, तीच हात न उचलता उजवीकडे वळून खाली. तिसरी मधली आडवी. चौथी तळाची, चौकोन बंद करणारी. आपल्याकडचे बरेच जण आधी पूर्ण चौकोन काढतात आणि मग मधली रेघ ओढतात. तसे करू नका. आत जे काही भरायचे ते भरल्यावरच तळ बंद करायचा, हा नियम पुढे 'देश', 'शेत' अशा कितीतरी कांजींना लागू पडतो, आणि तो इथेच हाताला लागलेला बरा.

मधली रेघ उजव्या बाजूला टेकली पाहिजे का, असेही बरेच जण विचारतात. छापील टंकांत ती टेकलेली दिसते, हस्तलेखनाच्या नमुन्यांत कधी थोडी सुटलेली. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेने २०१६ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की हाताने लिहिताना रेघा टेकणे-न टेकणे अशा बारीक फरकांवरून अक्षर चूक ठरवू नये. वेळ घालवायचाच तर तो सारख्या दिसणाऱ्या अक्षरांवर घालवा. आत दोन रेघा असतील तर तो डोळा. डोक्यावर तिरकी छोटी रेघ असेल तर पांढरा रंग. तळ उघडा असून दोन पाय खाली आले असतील तर चंद्र किंवा महिना. डावीकडे वेगळी उभी रेघ असेल तर 'जुना' या अर्थाची कांजी. हे चार-पाच शेजारी एकाच पानावर एकमेकांजवळ लिहून पाहा, म्हणजे डोळा चुकत नाही.

ही कांजी जपानी प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेतल्या ८० कांजींपैकी एक आहे. सरकारमान्य 'जोऽयोऽ' यादीत, जिच्यात २०१० च्या सुधारणेपासून २१३६ कांजी आहेत, तिच्यापुढे चारच उच्चार दिले आहेत: निचि, जित्सु, हि, का. 'बि' त्यात नाही, कारण तो वेगळा उच्चार नाहीच. शब्दाच्या शेवटी आलेला 'हि' तिथे मऊ होतो इतकेच. 'छत्री' म्हणजे 'कासा', पण उन्हाची छत्री 'हिगासा'. तसाच 'हि' चा 'बि'. संधी शिकलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

चारांपैकी 'हि' आणि 'का' हे मूळचे जपानी शब्द, चिनी लिपी बेटांवर पोचण्याच्या आधीचे. 'हि' म्हणजे सूर्य किंवा दिवस, 'का' म्हणजे मोजलेले दिवस. 'निचि' आणि 'जित्सु' हे चिनी शब्दाचे दोन उच्चार, दोन वेगळ्या काळांत आलेले. 'निचि' आधीचा, दक्षिण चीनच्या वळणाचा, बौद्ध ग्रंथांबरोबर रुळलेला. 'जित्सु' नंतरचा, तांग राजवटीच्या राजधानीत शिकून आलेल्या जपानी विद्वानांनी आणलेला. दरम्यान चिनी उच्चारातला न बदलला होता, म्हणून जुन्यात न आणि नव्यात ज. हाच फरक 'माणूस' या कांजीतही दिसतो: 'निन्गेन्'मध्ये (मानव) निन्, 'निहोन्जिन्'मध्ये (जपानी माणूस) जिन्. ही जोडी एकदा कळली की 'निचि' आणि 'जित्सु' हे एकाच घरातले वाटू लागतात, आणि पाठांतराचा बोजा बराच हलका होतो.

अर्थही चारच आहेत: सूर्य, दिवस (किंवा तारीख), रविवार आणि जपान. शेवटचे दोन नवशिक्यांना लवकर दिसत नाहीत. भित्तिपत्रकावर तारखेपुढे कंसात ही एकटी कांजी असेल तर तो रविवार. वर्तमानपत्रात दुसऱ्या देशाच्या कांजीला चिकटून असेल तर तो जपान: 'निचिइन्' म्हणजे जपान-भारत. १९५२ साली दोन देशांत झालेल्या शांतता कराराचे रूढ नावच 'निचिइन् हेइवा जोऽयाकु'. 'राइनिचि' म्हणजे जपानला येणे, 'होऽनिचि' म्हणजे जपानला भेट देणे. जपान या अर्थाने आली की उच्चार जवळजवळ नेहमी 'निचि' किंवा त्याचे आखडलेले रूप. 'जित्सु' कधीच नाही.

आता मुख्य प्रश्न: कुठे कोणता? नियम शंभर टक्के चालत नाहीत, पण अनोळखी शब्द समोर आल्यावर अंदाज बांधायला पुढच्या खुणा मला आजही उपयोगी पडतात.

कांजी एकटी उभी असेल, पुढे-मागे दुसरी कांजी चिकटलेली नसेल, तर 'हि'. 'आरु हि' म्हणजे एके दिवशी, 'इइ हि' म्हणजे चांगला दिवस. आगीलाही 'हि'च म्हणतात, फक्त तिची कांजी वेगळी. कानाने फरक ओळखायचा तर पुढे कर्ता दाखवणारा 'गा' हा प्रत्यय लावून ऐका: सूर्याच्या बाबतीत आवाज 'हि' वरून 'गा' वर चढतो, आगीच्या बाबतीत उतरतो.

शब्दाच्या सुरुवातीला असून पुढे अस्सल जपानी शब्द असेल तरी 'हि': हिझुके (तारीख), हिकागे (सावली), हिआतारि (घरात ऊन येणे, जपानमध्ये भाड्याने घर शोधताना हा शब्द हमखास कानावर पडतो), हियाके (उन्हाने त्वचा रापणे), हिगाएरि (त्याच दिवशी परत येण्याचा प्रवास), हिगावारि (रोज बदलणारा, खानावळीच्या फळ्यावर 'हिगावारि तेइशोकु' म्हणजे आजचे वेगळे ताट).

सुरुवातीला असून पुढे चिनी वळणाचा शब्द असेल तर 'निचि'. पण पुढचे अक्षर क, स, त किंवा ह असेल तर 'चि' गळतो आणि पुढचे व्यंजन दुप्पट होते. उत् आणि चार मिळून उच्चार होतो, तसे निचि आणि कि मिळून 'निक्कि', म्हणजे रोजनिशी. याच रीतीने निक्कोऽ (सूर्यप्रकाश, आणि तोशोगु मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले तोचिगि प्रांतातले गावही), निश्शि (कामाची नोंदवही), नित्तेइ (वेळापत्रक), निप्पोऽ (रोजचा अहवाल). पुण्याजवळच्या जपानी कारखान्यात नोकरी लागली तर शेवटचे दोन शब्द पहिल्याच आठवड्यात भेटतील. पुढे क-स-त-ह नसेल तर 'निचि' तसाच राहतो: निचिजि (तारीख आणि वेळ), निचिजोऽ (दैनंदिन). सुरुवातीला 'जित्सु' इतका क्वचित येतो की पहिली काही वर्षे त्याचा विचारही करू नका.

शब्दाच्या शेवटी आली तर खरी कसोटी. माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली खूण अशी: तिच्याआधी दोन कांजींचा पूर्ण, स्वतःच्या पायावर उभा असलेला शब्द असेल तर 'बि'. तान्जोऽ म्हणजे जन्म, त्याचा दिवस तान्जोऽबि. किनेन् म्हणजे स्मरण, किनेन्बि. क्यूर्योऽ म्हणजे पगार, क्यूर्योऽबि. शुप्पात्सु म्हणजे निघणे, शुप्पात्सुबि. अमुक गोष्टीचा दिवस, असा अर्थ असला की बि.

आधी एकच कांजी असेल आणि दोन मिळूनच शब्द पुरा होत असेल, तर बहुतेक वेळा 'जित्सु': क्यूजित्सु (सुट्टी), शुकुजित्सु (राष्ट्रीय सुट्टी), हेइजित्सु (कामाचा वार), तोऽजित्सु (ठरलेला तो दिवस), झेन्जित्सु (आदला दिवस), योकुजित्सु (दुसरा दिवस), सेन्जित्सु (मागे काही दिवसांपूर्वी), गोजित्सु (नंतर कधीतरी), किजित्सु (मुदत). यातले बरेचसे शब्द कुठल्यातरी दुसऱ्या दिवसाच्या संदर्भाने बोलणारे आहेत, आदला, पुढचा, तो, मागचा. अपवाद थोडे आणि रोजचे, त्यामुळे ते आपोआप पाठ होतात: माइनिचि (रोज), इचिनिचि (एक दिवस), शोनिचि (पहिला दिवस), मेइनिचि (पुण्यतिथी).

आधीची एकटी कांजी जपानी उच्चाराची असून अर्थ सूर्य असेल तर 'हि' तसाच राहतो: आसाहि (सकाळचा सूर्य), यूहि (मावळता सूर्य). पण मावळतीकडून घरात येणारे ऊन मात्र 'निशिबि'. असा शब्द समोर आला की नियमाशी भांडत बसू नका, शब्द उचला आणि पुढे चला.

या सगळ्या खुणा तपासायला माझ्या आवडीची एक पाटी आहे, जी जपानमध्ये बंद दुकानांच्या दारावर दिसते: 'होन्जित्सु तेइक्यूबि', म्हणजे आज साप्ताहिक सुट्टी. पाच कांजी, त्यांतली दुसरी आणि पाचवी हीच. पहिल्या शब्दात दोनच कांजी, म्हणून जित्सु. दुसऱ्यात 'ठरलेली सुट्टी' हा पुरा शब्द आधी, म्हणून बि. 'रविवार'ही याच रीतीने सुटतो: सुरुवातीला चिनी वळणाचा निचि, शेवटी बि, मिळून निचियोऽबि. पहिली कांजी तिथे सूर्य आहे आणि शेवटची दिवस.

वारांचा विषय निघालाच आहे तर थोडे थांबते, कारण इथे मराठी माणसाला फुकटात सात शब्द मिळतात. सोमवार चंद्राचा, जपानीतही 'गेत्सुयोऽबि' चंद्राचाच. मंगळाला जपानी 'अग्नीचा तारा' म्हणतात, म्हणून मंगळवार अग्नीच्या कांजीने. बुध पाण्याचा, गुरू लाकडाचा, शुक्र धातूचा, शनी मातीचा, आणि वारांचा क्रम हुबेहूब आपलाच. हा योगायोग नाही. सात ग्रहांच्या वारांची ही पद्धत भारतीय ज्योतिषाच्या वाटेने चीनमध्ये पोचलेल्या ग्रंथांत होती. अमोघवज्र या आचार्यांनी आठव्या शतकात चिनीत आणलेला असा एक ग्रंथ कूकाइ हा जपानी भिक्षू ८०६ साली चीनहून परतताना घेऊन गेला. वार मात्र कित्येक शतके पंचांगापुरते राहिले. जपानने १ जानेवारी १८७३ पासून पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली आणि १८७६ च्या एप्रिलपासून सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी सुरू झाली, तेव्हा ते सर्वसामान्यांच्या रोजच्या व्यवहारात आले. म्हणून वार पाठ करताना परकी शब्द म्हणून घोकू नका. रवि, सोम, मंगळ असे मनात म्हणत त्या-त्या ग्रहाचे तत्त्व जोडा.

आता तारखा. इथे 'का' येतो आणि इथेच सर्वाधिक गुण जातात. महिन्याच्या २ ते १० तारखा जुन्या जपानी मोजणीने म्हणतात: फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योऽका, कोकोनोका, तोऽका. पुढे अकरापासून साधे 'निचि', जसे जूइचिनिचि. पण १४ आणि २४ मध्ये पुन्हा 'योक्का' डोकावतो, जूयोक्का आणि निजूयोक्का, आणि २० तारीख 'हात्सुका'. पहिली तारीख सगळ्यांहून वेगळी, 'त्सुइताचि'. तिचे मूळ 'त्सुकि' आणि 'ताचि', म्हणजे चंद्र उगवणे, महिना उभा राहणे. आपल्या प्रतिपदेसारखाच चांद्रमासाच्या आरंभाचा शब्द.

चार आणि आठ यांत गोंधळ होणे साहजिक आहे. योक्का आणि योऽका. पहिल्यात क वर अडखळ, दुसऱ्यात ओ लांब, बाकी सगळे सारखे. ते इतके सारखे का झाले, हे समजले तर कान लवकर तयार होतो. जुन्या जपानी मोजणीत दुप्पट संख्येचे व्यंजन तेच राहते आणि स्वर बदलतो: तीन 'मि' तर सहा 'मु', चार 'यो' तर आठ 'या'. आठवा दिवस पूर्वी 'याउका' असा लिहीत, त्या 'याउ'चा काळाच्या ओघात 'योऽ' झाला आणि तो चारच्या शेजारी येऊन बसला. म्हणजे लांबलेला ओ ऐकू आला की त्याच्यामागे 'यात्त्सु', आठ, हे आठवायचे. बैठकीत माल पोचण्याची तारीख ठरत असेल तर मी कधीही नुसती तारीख ऐकून पुढे जात नाही, वार जोडून परत विचारते: 'योऽका, मोकुयोऽबि देसु ने?' आठ तारीख, गुरुवार, बरोबर ना? चार दिवसांचा फरक कारखान्यात फार मोठा असतो. ही सवय तुम्हीही पहिल्यापासून लावून घ्या. जपानी लोकही 'इचि' (एक) आणि 'शिचि' (सात) गोंधळू नयेत म्हणून १७ तारखेला कित्येकदा 'जूनानानिचि' म्हणतात. खात्री करून घेण्यात कमीपणा नाही.

आणखी एक फरक: 'मिक्का' म्हणजे तीन तारीखही आणि तीन दिवसही. कालावधी नक्की सांगायचा तर 'मिक्काकान्'. पण पहिली तारीख आणि एक दिवस यांचे शब्द वेगळे आहेत, त्सुइताचि आणि इचिनिचि, आणि लिहिताना दोन्ही तंतोतंत सारखे. आधी महिना असेल तर त्सुइताचि, नाहीतर बहुधा इचिनिचि.

राहिले 'आज', 'काल' आणि 'उद्या'. क्योऽ, किनोऽ, आशिता. हे शब्द दोन-दोन कांजींनी लिहितात, पण उच्चाराची वाटणी करता येत नाही. 'क्योऽ'मधला कोणता तुकडा या कांजीचा, हा प्रश्नच लागू होत नाही. जुना जपानी शब्द होता, त्याच्या अर्थाला साजेशा दोन कांजी त्यावर बसवल्या. जोऽयोऽ यादीला जोडलेल्या परिशिष्टात असे ११६ शब्द वेगळे दिले आहेत आणि त्यांत क्योऽ, किनोऽ, आसु ('उद्या'चेच दुसरे वाचन), त्सुइताचि, हात्सुका हे सगळे आहेत. म्हणजे जपानी शाळेतही ते शब्द म्हणून अख्खेच शिकवतात. तुम्हीही अख्खेच घ्या.

याच जोड्यांना दुसरे, औपचारिक वाचनही आहे. उद्यासाठी घरात, मित्रांत आशिता; जरा नेटके बोलताना आसु; सभेत, पत्रात, ग्राहकासमोर म्योऽनिचि. कालसाठी किनोऽ आणि साकुजित्सु. आजसाठी क्योऽ, आणि दुकानातल्या ध्वनिक्षेपकावर किंवा भाषणात होन्जित्सु. 'आज' लिहिणाऱ्या त्याच दोन कांजी 'कोन्निचि' अशाही वाचतात, अर्थ 'सध्याचा काळ'. आपला 'कोन्निचिवा' हा नमस्कार तिथूनच आलेला, 'आजचा दिवस तर...' असे अर्धे सोडलेले वाक्य. त्यातला शेवटचा 'वा' म्हणजे हा 'तर' दाखवणारा प्रत्यय, म्हणूनच तो लिहिताना 'हा' चे अक्षर वापरतात. एन-५ ला म्योऽनिचि विचारणार नाहीत, पण नोकरीच्या मुलाखतीत 'म्योऽनिचि' ऐकून गोंधळलेले चांगले विद्यार्थी मी पाहिले आहेत, म्हणून आत्ताच कानावरून जाऊ द्या.

जपानचे नाव निहोन की निप्पोन, हेही याच कांजीचे देणे. वर सांगितलेला आखडण्याचा नियम लावला तर निचि आणि होन् मिळून निप्पोन होते, 'निहोन' हे त्याचे मऊ झालेले रूप. नोटांवर रोमन अक्षरांत 'निप्पोन गिन्कोऽ' (जपानची मध्यवर्ती बँक) छापतात, बोलताना लोक जास्त करून 'निहोन' म्हणतात. एकाच लेखनाचा पूल तोक्योत 'निहोन्बाशि' आणि ओसाकात 'निप्पोन्बाशि'. २००९ साली जपान सरकारने संसदेतल्या प्रश्नाला लेखी उत्तर देताना दोन्ही रूढ आहेत, एकच ठरवण्याची गरज नाही, असे सांगितले. तुम्ही निहोन म्हणा, आणि 'निहोन्गो' (जपानी भाषा), 'निहोन्जिन्' हेच शब्द पक्के करा.

सराव कसा करावा, तर कार्डाच्या पुढच्या बाजूला एकटी कांजी आणि मागे उच्चारांची यादी असे कार्ड करू नका. पुढे छोटे वाक्य लिहा, मागे त्या वाक्यातल्या शब्दाचे वाचन. 'माइनिचि निक्कि ओ काकु', रोज रोजनिशी लिहितो, या एका वाक्यात 'निचि'ची दोन्ही रूपे येतात. शक्य असेल तर तेच वाक्य खरे करा. रोज एक ओळ जपानीत लिहा आणि तिच्यावर तारीख आणि वार लिहून मोठ्याने वाचा. महिन्याभरात एकूण एक तारखा तोंडातून जातात, वेगळे पाठांतर लागत नाही. मोबाइलवर जपानी कळफलक टाका. तिथे शब्दाचा बरोबर उच्चार टंकल्याशिवाय हवी ती कांजी मिळत नाही. 'तान्जोबि' टंकून बघा, 'तान्जोऽबि'तला लांब ओ का महत्त्वाचा ते लगेच कळेल. परीक्षेत हाताने लिहायचे नसते, सगळे पर्याय निवडायचे असतात, तरी ही कांजी आणि तिचे शेजारी हाताने लिहाच. लिहिलेले अक्षर डोळा वेगाने ओळखतो, आणि वाचनाच्या भागात वेळ कमी पडतो तो तिथेच वाचतो.

अजून एक काम ही कांजी करते: ती दुसऱ्या कांजींचा अवयव होते. डावीकडे सडपातळ होऊन बसली तर 'उजेड', 'वेळ', 'निरभ्र', 'अंधार'. वर बसली तर 'तारा', 'लवकर', 'उकाडा'. खाली बसली तर 'वसंत'. बहुतेकांत प्रकाशाचा किंवा काळाचा धागा सापडतो. पण 'आवाज' आणि 'लिहिणे' या कांजींच्या तळाशी दिसणारा चौकोन सूर्याचा नाही, तो दुसऱ्या आकारांपासून तसा झाला आहे. तिथे सूर्याची गोष्ट रचू नका.

माणसांची आणि गावांची नावे या सगळ्याच्या बाहेर ठेवा. नारातले 'कासुगा', मियाझाकि भागाचे जुने नाव 'ह्यूगा', तोक्योतले 'निप्पोरि', या सगळ्यांत ही कांजी आहे आणि नियमाने वाचायला गेलात तर फसाल. नाव वाचायचे नसते, विचारायचे असते. जपानी माणसेही एकमेकांना बिनदिक्कत विचारतात.

ही कांजी स्थिरावली की पुढची म्हणून चंद्राची घ्या. तिची रचना आता तुम्हाला ओळखीची वाटेल: एकटी असताना 'त्सुकि', महिन्याच्या नावात 'गात्सु', सोमवारात आणि 'राइगेत्सु' (पुढचा महिना) यासारख्या शब्दांत 'गेत्सु'. पण महिन्यांतही चारला 'योन्गात्सु' नाही, 'शिगात्सु' म्हणतात, सातला 'शिचिगात्सु' आणि नऊला 'कुगात्सु'. हे तीन आधी पाठ करा, मग दोन्ही कांजी एकत्र करून घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस जपानीत म्हणून पाहा.